गेटपर्यंत रेंज

जेल रोडला राहणाऱ्या माणसाला वायफायचा राउटर घ्यायचा असेल तर त्याने आधी बिबट्याचा विचार करावा. पुण्यात हे वाक्य कुणी म्हटलं तर लोक हसतील. नाशिकरोडला ते साधं व्यवहारज्ञान आहे. दारणाकाठच्या उसात वाढलेले बिबटे विहितगाव, जय भवानी रोड, देवळाली कॅम्प असे फिरत फिरत शहराची पाहणी करून जातात. एखाद्या कॉलनीतलं कुत्रं गेलं की दुसऱ्या दिवशी तिथं वन खात्याचा पिंजरा येतो, पिंजरा बघायला गर्दी येते आणि पाठोपाठ प्रत्येक गेटवर कॅमेरा येतो. पिंजरा यथावकाश जातो, गर्दी त्याच्या आधीच पांगलेली असते. कॅमेरा राहतो, आणि त्याला वायफाय लागतं.

आमचं रो-हाउस लांबट आहे. पुढे गेट, मग गाडीची शेड, मग हॉल, मधली खोली, स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागे एक खोली. घर बांधताना तिला 'स्टडी' म्हणायचं ठरलं होतं. आता तिच्यात गहू, गाद्या आणि राउटर असतात. या खोलीतून निघालेल्या लहरी गेटपाशी पोचेपर्यंत इतक्या दमतात की कॅमेरा मधेच आंधळा होतो. लेनमधलं बिबट्याचं एकमेव चित्रण आमच्या कॅमेऱ्यातलं आहे. त्यात आधी गेट आणि गेटपाशी झोपलेलं कुत्रं दिसतं. मग पडद्यावर एक गोल फिरत राहतो. मग नुसतं गेट दिसतं. हे चित्रण लेनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांनी श्वास रोखून पाहिलं, आणि त्या गोलाच्या आत बिबट्या आहे याबद्दल आजही कुणाला शंका नाही. ग्रुपवरच्या एका जाणकाराने तर तो मादी असल्याचंही सांगितलं.

तेव्हा चांगला राउटर घ्यायचं ठरलं.

राउटर निवडणं ही तांत्रिक बाब आहे, असा समज कंपन्यांनी पसरवून ठेवला आहे. त्या डब्यावर आकडे छापतात, आकड्यांच्या मागे इंग्रजी अक्षरं लावतात, आणि आपण त्या आकड्यांची तुलना करत बसतो. प्रत्यक्षात ही शंभर टक्के घरगुती बाब आहे. राउटर कुठला घ्यावा याचं उत्तर तो कुठे ठेवणार यावर अवलंबून असतं, आणि घरात एखादी वस्तू कुठे ठेवायची हे ज्या पुरुषाला ठरवता येतं त्याला मी अजून भेटलेलो नाही.

तशी सरकारची परवानगी केव्हाच मिळाली आहे. 2004 सालच्या ब्रॉडबँड धोरणात 256 केबीपीएसच्या वेगाला अधिकृतपणे 'ब्रॉडबँड' हा दर्जा मिळाला. 2005 च्या जानेवारीत बीएसएनएलचं डेटावन सुरू झालं, आणि त्याच महिन्यात केंद्राने 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला. म्हणजे घरात बिनतारी डबा ठेवायला दिल्लीला विचारायची गरज उरली नाही. 5 गिगाहर्ट्झचा ऐसपैस पट्टा मोकळा व्हायला मात्र 2018 चा ऑक्टोबर उजाडला. दिल्लीची परवानगी अशी टप्प्याटप्प्याने सुटत गेली. आईची अजून सुटायची आहे.

शास्त्र असं सांगतं की राउटर घराच्या मधोमध, उंचावर आणि उघड्यावर असावा. आमच्या घराचा मध्य काढला तर तो देवघरावर येतो. नेमका देवघराच्या वरच्या फळीवर. मी हे आईला मेजरिंग टेप लावून दाखवलं. तिने टेपकडे पाहिलं नाही, डब्याच्या चित्राकडे पाहिलं.

"हे शिंगाडं देवाच्या डोक्यावर?"

"आई, ते अँटेना आहेत."

"काळं आहे."

या युक्तिवादाला रेडिओ अभियांत्रिकीत उत्तर नाही. पांढरे राउटर मिळतात, हे मी सांगून पाहिलं. त्यावर ती म्हणाली की पांढरं असेल तर निळा दिवा लुकलुकतो, आणि तिला रात्री समईशिवाय दुसरा उजेड देवाजवळ नको. दिवे ॲपमधून बंद करता येतात, इथपर्यंत मी आलो होतो. पण ॲपमधून, म्हणजे फोनमधून, म्हणजे तिला न विचारता दिवा लावता-विझवता येतो, हे ऐकून तिने चर्चाच थांबवली.

मग मावशी. मावशीला वास्तुशास्त्र येतं, निदान तिला येतं असं सगळे धरून चालतात. तिच्या मते विजेवर चालणारी वस्तू आग्नेयेला. आग्नेयेला आमचं स्वयंपाकघर आहे आणि तिथल्या ओट्याच्या कोपऱ्यात मायक्रोवेव्ह. आता गंमत अशी की मायक्रोवेव्ह ओव्हन ज्या लहरींवर पोहे गरम करतो त्या 2.45 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या असतात. वायफायचा जुना पट्टाही तोच. ओव्हनचं दार कितीही घट्ट असलं तरी थोड्या लहरी निसटतात, आणि राउटर शेजारी असला की पोहे गरम होईपर्यंत घराचं इंटरनेट थंड पडतं. वास्तुशास्त्राप्रमाणे राउटरची सर्वोत्तम जागा आणि भौतिकशास्त्राप्रमाणे त्याची सर्वांत वाईट जागा, या दोन्ही आमच्या घरात एकाच ओट्यावर, वीतभर अंतरावर आहेत. मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग मायक्रोवेव्ह हलव."

हिची मागणी सरळ होती. "अहो, तो चालला पाहिजे, पण दिसता कामा नये." बायकांच्या बाबतीतली ही जुनी अपेक्षा आता यंत्रांकडे वळली आहे, हे मला न्याय्य वाटलं, म्हणून मी बोललो नाही. पण राउटर न दिसण्याच्या जागा आमच्या घरात दोनच: टीव्हीच्या मागे, किंवा मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटावर, बॅगांच्या आड. टीव्हीच्या पाठीला धातूचा पत्रा असतो आणि लोखंडी कपाट तर अख्खं धातूचंच. 1895 च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये बिनतारी लहरी भिंतींतून आणि वाटेत बसलेल्या लेफ्टनंट गव्हर्नरांच्या देहातून आरपार पाठवल्या, पलीकडे घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू उडवली. लेफ्टनंट गव्हर्नर होते म्हणून जमलं. वाटेत आईच्या लग्नातलं कपाट असतं, आत पितळी डबे, चांदीचं ताट आणि दारावर तो मोठा आरसा असता, तर बोस यांचाही नाइलाज झाला असता. आरशाच्या मागे धातूचा थर असतो. लहर येते, स्वतःला पाहते आणि परत जाते.

घरात एकमत होत नाही म्हटल्यावर मी बाहेरचा सल्ला घ्यायला निघालो, आणि मागच्या लेनमधले काका सोबत आले. म्हणजे मी त्यांना बोलावलं नव्हतं. काका नोट प्रेसमधून निवृत्त झाले आहेत. 1928 पासून देशाच्या नोटा छापणाऱ्या त्या प्रेसमध्ये त्यांचा सगळा जन्म बारीक अक्षरं तपासण्यात गेला, आणि निवृत्तीनंतर तपासायला नोटा न राहिल्यामुळे ते औषधाच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे आणि लग्नपत्रिका तपासतात. खिशात भिंग कायमचं. आमच्या मुलीच्या पत्रिकेतल्या चार ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्यांनी अक्षता पडायच्या आधी, मांडवात, मुलाकडच्यांसमोर दाखवल्या होत्या.

एम.जी. रोडच्या दुकानात शिरल्याबरोबर दुकानदाराने विचारलं, "साहेब, घर किती बीएचके?"

मला वाटलं हा जागेच्या व्यवहारातही असेल. पण नाही, राउटर आता बीएचकेवर विकले जातात. वन बीएचकेचा वेगळा, थ्री बीएचकेचा वेगळा, आणि बंगला म्हटलं की दुकानदार उठून आत जातो आणि तीन डब्यांचा एक संच घेऊन येतो. किंमत हजार-बाराशेपासून सुरू होते आणि वीस हजारांच्या पुढे जाऊनही थांबत नाही. प्रत्येक खोक्यावर घराचा उभा छेद काढलेला असतो. त्या घरात एक गोरं कुटुंब राहतं. त्यांच्याकडे सोफा, कुत्रा आणि दोन मुलं एवढंच सामान आहे. निळ्या लहरी सगळ्या मजल्यांवरून सुखाने वाहतायत. कुठेही भांड्यांची मांडणी नाही, पाण्याचं पिंप नाही, माळ्यावर घागरी नाहीत. अशा घरात राउटर कशाला लागतो, नुसतं मोठ्याने बोललं तरी ऐकू जाईल.

"गिऱ्हाईक काय बघतं?" मी विचारलं.

"अँटेना मोजतं," दुकानदार म्हणाला. "चारवाला काढला की सहावाला मागतं. सहावाला काढला की विचारतं, आठचा नाही का?"

वास्तविक अँटेनांची संख्या आणि पल्ला यांचा संबंध लोक समजतात तेवढा नाही. लहरी किती जोराने सोडायच्या याला सरकारी मर्यादा आहे, आणि ती डब्याला दोन शिंगं असोत की आठ, तीच राहते. जास्त अँटेनांचा उपयोग एकाच वेळी जास्त प्रवाह सोडायला होतो, तोही पलीकडच्या फोनला तेवढे झेलता आले तर. शिवाय उभ्या अँटेनाच्या लहरी आडव्या पसरतात. टोकाच्या दिशेला जवळपास काही जात नाही. वरच्या मजल्यावर रेंज हवी असेल तर एखादा अँटेना आडवा पाडावा लागतो. पण सगळी घरं ते सहाच्या सहा ताठ उभे करून ठेवतात. आडवा पडलेला अँटेना बिघडल्यासारखा दिसतो, आणि पाहुण्यांना काय वाटेल.

5 आणि 2.4 यांतला फरक दुकानदाराने मला एका वाक्यात समजावला. "2.4 म्हणजे आपली लालपरी, गावोगाव जाते पण हळू. 5 म्हणजे वंदे भारत, जोरात जाते पण नाशिकरोडला थांबली ती एकदम पुढंच." मग थोडं थांबून म्हणाला, "तुमचा कॅमेरा लालपरीवाला असणार." होताच. बाजारातले बहुतेक स्वस्त कॅमेरे 2.4 वरच बोलतात. नव्या राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देण्याची सोय असते. फोनला ती आवडते, कॅमेरा मात्र त्यात गोंधळतो आणि जोडायला नकार देतो. कॅमेऱ्यासाठी वेगळ्या नावाचा 2.4 लागतो. हे कळल्यावर बिबट्याचा प्रश्न अर्धा सुटल्यासारखा वाटला.

आता आकडे. आमच्या हातात जो डबा होता त्यावर 'एएक्स3000' असं लिहिलं होतं. आमच्या घरात वायर येते 100 एमबीपीएसची. आत येणार शंभर आणि हा वाटणार तीन हजार. एवढा दानशूर डबा मी पाहिला नव्हता. काकांनी भिंग काढलं. खोक्याच्या बुडाशी, बारकोडच्या वर, त्यांना हिशेब सापडला: 5 गिगाहर्ट्झवर 2402 आणि 2.4 वर 574. बेरीज 2976. वरचे चोवीस कंपनीने आपल्याकडून घातले होते. शेजारचा 'एसी1200' पाहिला, तर 867 आणि 300, बेरीज 1167. तिथे तेहेतीस पदरचे.

"आणि हे दोन्ही एका फोनला एकदम मिळतात?" काकांनी विचारलं.

"नाही हो," दुकानदार म्हणाला. "फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर."

"मग बेरीज कशाला केली?"

दुकानदाराने पंख्याकडे पाहिलं.

मला त्या क्षणी पांडवलेण्यातला उषवदात आठवला. नहपान क्षत्रपाचा हा जावई. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात त्याचा लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यानेही तीन हजारच दिले होते, कार्षापण. त्यांतले 2000 गोवर्धनातल्या एका विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने ठेवले, 1000 दुसऱ्या विणकर श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने. दोन हजारांचं वर्षाचं व्याज 240, त्यातून वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी 12. आज कागदावर करून पाहा, पैशाचा फरक येत नाही. हे सगळं त्याने दगडात, वाचता येईल एवढ्या अक्षरांत कोरून ठेवलं. बुडाशी नाही, बारकोडच्या वर नाही. नाशिकमध्ये तीन हजाराचा असा चोख हिशेब मांडण्याची परंपरा असताना एम.जी. रोडवर हा 2976 चा तीन हजार व्हावा, याचं वाईट वाटलं. गोवर्धन गाव अजून गंगापूर रोडला आहे. विणकर श्रेणी असत्या तर मी हा डबा त्यांच्याकडेच ठेवला असता.

काकांनी तेवढ्यात दुसरं काहीतरी शोधलं. 'एसी1200'च्या खोक्यावर सर्वांत बारीक अक्षरांत 'पोर्ट 10/100' असं लिहिलेलं होतं. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि डोळ्यांनी दुकानदाराला धरून ठेवलं. याचा अर्थ असा, की हवेत बाराशेच्या गप्पा मारणाऱ्या या डब्याला वायरीतून शंभरापेक्षा जास्त घेताच येत नाही. उद्या तुम्ही दोनशेचा प्लॅन घेतला, तरी नळ शंभराचाच. माझं मत विचाराल तर राउटरच्या खोक्यावर वाचण्यासारखी ही एकच ओळ असते, आणि ती कंपनीने सगळ्यात लहान छापलेली असते. पोर्ट गिगाबिटचा आहे का एवढं बघावं, बाकी गोऱ्या कुटुंबाला शुभेच्छा द्याव्यात. 'वायफाय 6 घ्या, आता 7 आलंय' या घाईचंही तसंच. 2018 साली अक्षरांची जंजाळ नावं जाऊन हे साधे आकडे आले ते आपल्या सोयीसाठी, पण आता त्यांची शर्यत लागली आहे. राउटर सातवीत आणि फोन पाचवीत असेल तर अभ्यास पाचवीचाच होतो.

शेवटी राउटर आम्ही त्या दुकानातून घेतला नाही, आणि ऑनलाइनही मी मागवला नाही. तो डब्लिनहून ठरला. आमची मुलगी तिकडे असते. तिने एका रात्रीत दहा व्हिडिओ बघितले, आम्हाला न विचारता ऑर्डर दिली, आणि डबा दारात आल्यावर व्हॉट्सॲपवर फोन केला. "बाबा, तू फक्त प्लग लाव. बाकी मी इथून करते." पाच हजार मैलांवरून ती आमच्या घराचं वायफाय चालवणार, हे मला समजायला वेळ लागला. हल्ली बऱ्याच घरांत असं आहे. पोरं परदेशी गेली, पण घराचा ॲडमिन पासवर्ड सोबत घेऊन गेली. सातबारा आपल्या नावावर, राउटर त्यांच्या.

डबा चांगला निघाला. पोर्ट गिगाबिटचा होता. काकांनी खातरजमा केली. रंग पांढरा होता. पण जागेचा प्रश्न उरलाच, आणि आता मूळ गोष्ट सांगतो. हा प्रश्न आमच्या घरात आधीच, कायमचा सुटलेला होता. तो केबलवाल्याच्या पोराने सोडवला होता.

पूर्वी याच केबलवाल्याकडून टीव्हीची जाडजूड काळी वायर यायची, आता केसाएवढं फायबर येतं; पोरगा, मोटारसायकल आणि खांद्यावरची वेटोळी तीच. फायबर मागच्या लेनमधल्या खांबावरून आलं, शेवग्याला एक वेढा घालून. पोराने मागच्या खोलीच्या खिडकीशी उभं राहून विचारलं, "काका, भोक कुठं मारू?" प्रश्न मला होता. आई म्हणाली, देवघराच्या भिंतीला नको. ही म्हणाली, हॉलला आत्ताच रंग दिलाय. मावशी फोनवर होती, तीही काहीतरी म्हणाली. पोराने सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि जिथे उभा होता तिथेच ड्रिल लावलं. "वायर इथपर्यंतच पुरतेय." देशातल्या बहुसंख्य घरांत राउटरची जागा अशीच ठरते. सगळी तज्ज्ञमंडळी राउटर कुठला घ्यावा यावर बोलतात; त्या भोकावर कुणी बोलत नाही.

तिथून पुढे वायर ओढून नवा डबा घराच्या मध्यात आणता येतो, हे मला माहीत आहे. कॅट-6 वायर आणायची, भिंतीला पीव्हीसी केसिंग पट्टी मारायची, आणि काम फत्ते. याहून चांगला उपाय नाही. रिपीटर लावला तर तो बिचारा एकाच रेडिओने ऐकतो आणि त्याच रेडिओने बोलतो, म्हणून वेग निम्मा होतो. मेशचा तीन डब्यांचा संच छान, पण तोही हवेतूनच एकमेकांशी बोलत असेल तर भिंती त्यालाही लागतातच; शेवटी वायरच खरी. मी वायरीचा नमुना आणि पट्टीचा तुकडा हिला दाखवला.

"ही पट्टी रंगवता येते," मी म्हणालो.

"भिंत रंगवलेलीच आहे," ही म्हणाली.

तर नवा राउटर जुन्या भोकापाशी, गव्हाच्या पिंपाच्या बाजूला, खिडकीत बसला. आईने त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला. हवा लागू दे, तापतो तो, असं सांगितलं तर तिने रुमालाला मधोमध भोक ठेवून नवा विणला. डब्लिनहून दोन पट्ट्यांना दोन नावं दिली गेली. मी 5 च्या नावापुढे 5जी लावू नकोस म्हटलं होतं, कारण लेनमधल्या तीन घरांनी तसं लावलंय आणि त्यांतल्या एका आजोबांची पक्की समजूत आहे की त्यांच्याकडे फाइव्ह-जी मोबाईल कंपनीच्याही आधी आलं. चॅनलही तिकडूनच बदललं. 2.4 वर एकमेकांच्या अंगावर न येणाऱ्या वाटा तीनच, एक, सहा आणि अकरा. आणि संध्याकाळी मालिकांच्या वेळेला आमची सगळी लेन सहावर उभी असते. आम्ही अकरावर गेलो.

फरक पडला. वरच्या खोलीत व्हिडिओ अडकेनासा झाला, हिची बँकेची मीटिंग स्वयंपाकघरातूनही होऊ लागली. गेटवरचा कॅमेरा आता बहुतेक वेळा बघतो. अधूनमधून सगळंच बंद पडतं, पण त्यात राउटरचा दोष नसतो. 2027 च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, आणि रस्ता खोदणाऱ्या जेसीबीला फायबर दिसत नाही. तेव्हा डब्यावर लाल दिवा लागतो. केबलवाल्याला फोन केला की तो आधी विचारतो, "लाल लागलाय का?" आणि हो म्हटलं की सुटल्यासारखा म्हणतो, "मग मेन लाइन कट आहे." नाही म्हटलं तर त्याला यावं लागतं. त्यामुळे लाल दिव्याची तो आपल्यापेक्षा जास्त वाट बघत असतो.

असं सगळं सुरळीत असताना एका रात्री डब्लिनहून फोन आला. मुलगी ॲप बघत होती.

"बाबा, आजीचा टॅब रात्री अडीचला चालू असतो."

"ती कीर्तन ऐकते, झोप येत नाही तिला."

"ते असू दे. पण तो त्रेचाळीस इंची टीव्ही कुणाचा? रोज रात्री सगळ्यात जास्त डेटा तोच ओढतो. आणि सिग्नल आपल्या बेडरूमपेक्षा चांगला आहे त्याला."

आमच्याकडे त्रेचाळीस इंची टीव्ही नाही. मी मागच्या खोलीत गेलो. राउटर खिडकीत, खिडकीला साधी काच, जिला लहरी अडवायची सवय नाही, आणि काचेच्या पलीकडे, मधली मोकळी बोळ ओलांडली की काकांची गच्ची. गच्चीवर पत्रा, पत्र्याखाली झोपाळा, झोपाळ्यासमोर टीव्ही. काका क्रिकेट बघत होते. मधे ना मांडणी, ना आरसा, ना कपाट. खोक्यावरच्या गोऱ्या कुटुंबाला जे सुख छापून मिळालं होतं, ते काकांना प्रत्यक्ष मिळालं होतं.

पासवर्ड आईने दिला होता. काकूंनी लोणच्याचं प्रमाण सांगितलं, तेव्हा याच खिडकीतून तिने पासवर्ड सांगितला, मोठ्याने, एकेक अक्षर करून, म्हणजे बहुधा अर्ध्या लेनला.

काकांनी मला खिडकीत पाहिलं आणि हात केला.

"राउटर झकास आहे रे तुझा! पण संध्याकाळी जरा अडकतो. प्लॅन कमी पडतोय. शंभरचा दोनशे कर."

मी काही बोलणार तेवढ्यात ते म्हणाले, "झेपेल त्याला. पोर्ट गिगाबिटचा आहे, वाचलंय मी."